मागच्या बाकाखालचं दार

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही — ती सगळा जन्म माझ्या शेजारी काढून, न ऐकताच गेली. मुलाला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा एका माणसापुढं तोंड उघडलं, आणि आता तुमच्यापुढं उघडतो आहे. माझं वय एकोणऐंशी. गावाखालच्या पाण्याकडं मी जात नाही. लोकांना वाटतं वयामुळं. तसं नाही — ते भीतीमुळं, आणि मी चाळिशीत होतो तेव्हापासून.

कशाची भीती? सांगतो. पण आधी नावेबद्दल बोलू द्या. मी वेळ काढतो आहे, हे मलाही कळतं.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात नाव कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. आम्ही टँकरची वाट बघणारी माणसं. पण तेरणेचं पाणी अडवलं, धरण झालं, आणि लोहाऱ्याच्या बाजूला आमच्या गावाखालच्या शिवारात समुद्रासारखं पाणी साठलं. त्याचं करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. मासे धरणारे ट्रकच्या ट्यूबवर बसून जायचे. बाकी आम्ही विहिरीत पोहायला शिकलेले — वरून उडी मारायची, चार हात मारायचे, पायरी धरायची. ज्या पाण्याला पायरी नाही, ते पाणी आम्ही लांबूनच बघायचो.

तेव्हा नाना गावी परतले. जन्म आमच्याच आळीतला, पण तीस वर्षं कोकणात, नावा बांधायच्या कारखान्यात गेलेली. येडशीच्या स्टेशनावर उतरले ते एक ट्रंक आणि पत्र्याचं एक लांब नळकांडं घेऊन. नळकांड्यात एक आराखडा होता. मी शाळेत सुतारकाम शिकवायचो, घरचा धंदाही सुताराचाच, म्हणून तो त्यांनी पहिल्यांदा माझ्यापुढं उलगडला.

"ह्यो माझा न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "माझ्या उस्तादाचाबी न्हाय. कुन्या म्हाताऱ्यानं कवा काढला, त्याचं नावबी कुनाला ठाव न्हाय. पर जितं पानी हाय तितं ही नाव सापडती."

अकरा फूट लांबी. सपाट तळ. प्लायवूडचे मोजकेच तक्ते, एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू. त्यात असं काहीच नव्हतं जे करवत, रंधा आणि हातगिरमिट असलेल्या माणसाला जमणार नाही. दोन माणसांनी उचलावी, बैलगाडीत घालावी. आणि तरीही — कसं सांगू? मी आयुष्यात शेकडो दारं, पाळणे, कोठ्या केल्या. चांगल्या केल्या. पण त्या आराखड्यात नाकापासून मागच्या टोकापर्यंत गेलेली जी एक रेघ होती, तशी रेघ माझ्या हातून कधी निघाली नव्हती. ती बघितली की वाटायचं, हे मलाही करता येईल. आणि लगेच वाटायचं, हे मला सुचलं नसतं. जगात कुठं कुठं लोक ही नाव पुन्हा पुन्हा का बांधत असतील, ते मला त्या दिवशी कळलं. ती मोठेपणा मिरवत नाही. ती तुम्हाला बोलावते.

नाना आणि मी शाळेमागच्या छपरात ती बांधली. सहा महिने लागले. मी इतका सुखी आधी नव्हतो आणि नंतर तर नाहीच.

आता दाराकडं येतो.

त्या नावेला दोन बाक होते, एक पुढं, एक मागं. दोन्ही बाकांखाली बंद पेट्या. चहूबाजूंनी बंद, आत काही नाही — नुसती हवा. नाव पालथी झाली, पाणी भरलं, तरी या दोन पेट्यांमुळं ती तरंगत राहते. तिला धरून माणूसही तरंगत राहतो. नानांनी हे मला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पण आमच्या घरात एक रीत होती. सुताराच्या हातून रिकामी पेटी बाहेर जाऊ द्यायची नाही. लग्नाची पेटी असो, धान्याची कोठी असो, मूठभर ज्वारी आत टाकायची आणि मगच झाकण लावायचं. आजोबांनी केलं, वडिलांनी केलं. रिकामी बंद केलेली पेटी माणूस मागते, असं वडील म्हणायचे. पुढची पेटी नानांनी स्वतः बंद केली, मी बघत राहिलो. मागची बंद केली तेव्हाही मी बघत होतो. त्याच आठवड्यात नाना तापानं पडले. मी छपरात एकटा. नाव तयार, रंग तेवढा राहिलेला — आणि ती बंद, रिकामी पेटी मला काही सुचू देईना.

मी बाकाखाली, सहज कुणाची नजर जाणार नाही अशा बाजूला, वीतभराचं दार कापलं. आत ज्वारी टाकली; एका नावेला एक मूठ पुरे, असं मनाला सांगितलं. दार इतकं घट्ट बसवलं की वरून नख फिरवलं तरी सांधा लागू नये. वर रंग दिला. आणि मला माझ्या हाताचा अभिमान वाटला.

नानांना का सांगितलं नाही? ते हसले असते. मग चिडले असते, ते दार उखडून टाकलं असतं. शाळेतला मास्तर, आणि ज्वारीची मूठ! मला लाज वाटली. एवढंच कारण. दुसरं शोधून मिळत नाही.

नानांनी उथळ पाण्यात नाव मुद्दाम पालथी करून बघितली. ती म्हशीसारखी निवांत तरंगत राहिली. दार नवं होतं, रंग ताजा होता, एक थेंब आत गेला नाही. मी म्हटलं — झालं तर.

नानांची मुलगी सुमन, तेरला दिलेली. जावई अशोक तिथंच बँकेत कारकून. नाव झाल्यापासून दर रविवारी दोघं येऊ लागली. अशोकला त्या नावेचं वेड लागलं. सडपातळ, चष्मेवाला, बोलायला मोकळा माणूस. "मामा," तो सासऱ्याला म्हणायचा, "लग्नात घड्याळ घेतलं ते चुकलंच माझं. नाव मागायला पायजे हुती." आणि काठावरून सुमन म्हणायची, "घड्याळ निदान घरी तरी असतंय." नाना हसून हसून खोकायचे.

नानांनी त्याला सगळं शिकवलं. वारा कुठून येतो ते गालावर कसं ओळखायचं, शिडाचा दोर कधी सोडायचा. आणि एक नियम, जो रोज म्हणून घ्यायचे: काही झालं तरी नाव सोडायची नाही. पोहत निघायचं नाही. नाव बुडत नाही, माणूस बुडतो. तिला धरून राहायचं.

तिसऱ्या वर्षीचा चैत्र. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल. दाराच्या चौकटी आकसतात, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली होते. अशोकला मार्चअखेरच्या कामानं येता आलं नव्हतं, नाव महिनाभर काठावर पालथी पडून होती. शनिवारी मी तिच्यावरून हात फिरवत होतो — सवयच होती मला. वाकून आत हात घातला, बाकाखाली बोट गेलं, आणि सांध्यात अडकलं. दार सुकून आकसलं होतं. फट पडली होती. चांगली काडी जाईल एवढी.

मला फट दिसली. पुन्हा लिहितो: मला ती दिसली. मेण लावू, राळ भरू, असं मनात म्हटलं. पण त्यासाठी नाव छपरात न्यावी लागली असती, नानांनी विचारलं असतं, मास्तर काय करताय? पुढच्या आठवड्यात, नाना तेरला जातील तेव्हा करू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

दुपारी अशोक एकटाच नाव घेऊन गेला. नाना, सुमन आणि मी काठावर होतो. वळवाचं आभाळ पश्चिमेला भरून आलं आणि वाऱ्याचा एकच लोट आला. शीड पाण्याला टेकलं. नाव पालथी झाली. काठापासून फार नाही — शाळेच्या मैदानाची एक फेरी होईल, तेवढंच अंतर. अशोकचं डोकं वर आलं. चष्मा गेलेला. त्यानं नावेचं मागचं टोक धरलं, आणि आमच्याकडं बघितलं. त्याला काय करायचं ते विचारायचं होतं.

नाना ओरडले, "अशोकराव, नाव सोडू नका! ती बुडत न्हाय! धरून ऱ्हावा, मानसं येत्यात!"

त्यानं हात वर केला. समजलं, असा. आणि धरून राहिला.

मासे धरणारे दोघं ट्यूब घेऊन निघाले. ते निम्म्यात पोचायच्या आत नावेचं मागचं टोक खाली जाऊ लागलं. नाक वर आलं, आभाळाकडं. अशोकनं धरलेलं टोक त्याला घेऊन खाली गेलं. शिडाचा दोर त्याच्या पायाला गुंतला होता, हे नंतर कळलं. पुढची पेटी बंद होती, म्हणून नावेचं नाक पाण्यावर उभं राहिलं — घागरीएवढं, ओलं, धरायला काही नसलेलं.

सुमन ओरडली नाही. तिनं बापाकडं बघितलं. तशी नजर मी पुन्हा कुणाची बघितली नाही, आणि ती माझ्यावर नव्हती. माझ्यावर असायला हवी होती.

नाव दोरानं ओढून काढली. नाना तेराव्यापर्यंत तेरलाच होते. त्या दिवसांत मी छपराचं दार आतून लावून घेतलं. पेटीतली फुगलेली ज्वारी काढली. दारामागं पट्टी ठोकली, फटी बुजवायच्या लांबीनं सांधा भरला, वर दोन हात रंग दिला. पोलीस येऊन पंचनामा करून गेले होते. पाण्यात नाव पालथी, माणूस मयत — त्यांना तेवढंच लिहायचं होतं.

नाना परतले आणि थेट छपरात आले. मागची पेटी बोटानं वाजवून बघितली. मग मला विचारलं, "मास्तर, पेट्या बंद हुत्या न्हवं?"

मी म्हणालो, "होत्या, नाना."

एवढंच. या दोन शब्दांनी मी त्या माणसाला मारलं. कारण पेट्या बंद होत्या, तर चूक आराखड्यात असणार. किंवा त्यांच्या हिशेबात. ते सात वर्षं जगले आणि सात वर्षं ती चूक शोधत राहिले. नळकांड्यातला कागद काढायचे, पट्टी लावायचे, मागच्या पेटीची लांबी-रुंदी पुन्हा मोजायचे. कधी मला बोलवायचे — "हितं बगा मास्तर, हितं काय दिसतंय का तुमाला?" मी चष्मा लावून वाकायचो. वाकून बघायचो! आणि म्हणायचो, नाही नाना, मला तरी काही दिसत नाही.

सुमन त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. सात वर्षांत एकदाही नाही. तेरला अंगणवाडीत लागली, एकटी राहिली. नाना दर पंधरा दिवसांनी बसनं जायचे, तिच्या ओट्यावर बसायचे, परत यायचे. ते गेले तेव्हा ती आली. दारात उभी राहिली, आणि तशीच वळली.

नाव कुणी जाळली नाही. नानांनी नाही, मी नाही, शाळेनंही नाही. छपरात पालथी पडून राहिली. आलेला माणूस तिच्यावर हात ठेवल्याशिवाय जात नसे. "काय सुबक हाय ओ गुरुजी, कुनी केली?" मी धरणाकडं जायचं सोडलं. लोहाऱ्याला जायचं तर लांबच्या रस्त्याची जीप धरायची. तरी प्रत्येक वेळी कुणी नावेचं नाव काढलं की माझ्या छातीत ती फट उघडायची — आता हा बाकाखाली बघेल. आता विचारेल.

या वर्षी विचारलं.

धरणावर आता सुट्टीला माणसं येतात. गावातल्या पोरांनी समिती केली आणि ठरवलं — पाहुण्यांना फिरवायला चार नावा बांधायच्या, नानांच्या नावेसारख्याच. लोहाऱ्याचा अस्लम मिस्त्री मापं घ्यायला आला. तिशीतला, हुशार हात. नाव उलटवली, दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "क्या बात हाय, गुरुजी. हिच्यात एक रेघ जास्तीची न्हाय." मग फोनचा उजेड लावून बाकाखाली शिरला. इतक्या वर्षांत रंग सुटला होता. लांबी गळून पडली होती.

"गुरुजी, हितं बारकं दार हुतं की जुनं! लई भारी डोकं लावलंय. आपन बी ठिवू. लोकांचे मोबाईल, पाकिटं ऱ्हातील आत."

तुम्हाला वाटत असेल, मी तेव्हा बोललो. मी म्हणालो, "बघा तुम्हाला कसं वाटतं ते."

चार नावा. त्यांत लोकांची लेकरंबाळं बसणार. घरी आलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जीप धरून अस्लमच्या दुकानी गेलो. म्हणालो, दार करू नका, पेट्या बंद ठेवा, पाणी शिरतं. तो म्हणाला, "आसं व्हय. आदी शिरलं हुतं का कवा?"

मी म्हणालो, "नाही."

बघा. एकोणऐंशीव्या वर्षी. समोर एक परका, भला मिस्त्री, आणि तरीही माझ्या तोंडून तेच आलं.

पेट्या बंद राहतील, त्यानं मला शब्द दिला. एवढ्यावर मी गप्प बसू शकलो असतो. मी खरंच बसणार होतो. पण तेरहून सुमनचा निरोप आला — त्या नावेनं माझा माणूस खाल्ला, ती पुन्हा पाण्यात घालाल तर मी काठावर येऊन बसेन. समितीची पोरं माझ्याकडं आली. "गुरुजी, तुमीच समजावून सांगा. तुमचं ऐकंल ती."

गुरुवारी तेरला गेलो. 

सुमन ओट्यावर चिंच फोडत बसली होती. केस सगळे पांढरे. मला बघून सरकली, जागा दिली. "गुरुजी, त्या नावंसाठी आला असाल तर च्या प्या आन जावा."

मी चहा नको म्हणालो. आणि सांगितलं. ज्वारी, दार, फट, लांबी, रंग. नानांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. कागदावर वाकून बघायचो, तेही. तिच्या हातातला दगड केव्हा थांबला मला कळलं नाही. मी तिच्या हाताकडंच बघत होतो, तोंडाकडं बघायचं धाडस नव्हतं.

ती म्हणाली, "म्हंजी नाना खोटं बोलले न्हवते."

"नाही."

"आन मी सात वरीस..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग डोळे बारीक केले, जणू लांबचं काही बघते आहे. "तवा तुमी कुटं हुता, गुरुजी? काठावर?"

"नानांच्या शेजारी. हाताच्या अंतरावर."

"फट हाय, हे ठाव हुतं तुमाला?"

"होतं."

"मंग?"

इतका वेळ मी तुम्हालाही ज्याच्या भोवतीनं फिरवलं, ते हेच. दार नाही. रंग नाही. नानांना बोललेलं खोटंही नाही. नाना ओरडले, धरून राहा. अशोकनं आमच्याकडं बघितलं. त्याला पोहता येत होतं, विहिरीत का होईना. मासे धरणारे निघाले होते. त्या क्षणी मला माहीत होतं की नाव बुडणार. त्या काठावर ते फक्त मला माहीत होतं. 'सोडा, अशोकराव, पोहत निघा' — शब्द माझ्या घशापर्यंत आले. आणि मला दिसलं, की मी ओरडलो तर नाना वळतील आणि विचारतील, तुमाला कसं ठाव? मी तोंड मिटलं. त्याचा हात वर आला, समजलं असा, आणि मी तोंड मिटून बघत राहिलो. बुडायला त्याला वेळ लागला. त्या सगळ्या वेळात मी कधीही ओरडू शकलो असतो.

तरी तो वाचला नसता, दोर पायात होता, असं मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. तुम्ही सांगू नका.

सुमनला मी हे सगळं असंच सांगितलं. ती उठली. चिंचेचं सूप उचललं, आत नेऊन ठेवलं, बाहेर आली. माझ्यावर ओरडेल असं वाटलं. वाटलं नाही — तशी आशा होती. ती दारात उभी राहून रस्त्याकडं बघत म्हणाली, "तुमची बस चुकंल."

मी निघालो. तिनं समितीला अजून काही कळवलेलं नाही. नावा पाण्यात जातील की नाही, मला माहीत नाही.

नानांच्या आराखड्यात चूक नव्हती. त्यांनी जावयाला जे ओरडून सांगितलं ते खरं होतं. अशोकनं त्यावर विश्वास ठेवला, तोही बरोबर होता. दार कापून ते खोटं मी केलं होतं, आणि ते खोटं आहे हे माहीत असलेला माणूस त्यांच्या शेजारी गप्प उभा होता.